होनिंग्सव्होग बंदरातील आठ तास : अकरा जणांचे नियोजन कसे करावे?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सर्वांना नमस्कार. पुढच्या जुलैत आम्ही साताऱ्याचे सात आणि सांगलीचे चार असे एकूण अकरा नातेवाईक हॅम्बुर्गहून निघणाऱ्या जहाजाने नॉर्वेच्या उत्तरेकडे जाणार आहोत. सर्वांत मोठ्या माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि सर्वांत लहान माझा नातू नऊ वर्षांचा आहे. बाकीची बंदरे मोठ्या शहरांची असल्याने तिथली फारशी काळजी वाटत नाही. परंतु होनिंग्सव्होग नावाच्या अगदी लहान बंदरात जहाज दुपारी १२ वाजता लागेल आणि रात्री ८ वाजता सुटेल. साडेसातपर्यंत सर्वांनी जहाजावर परतणे बंधनकारक आहे. जहाजाच्या कंपनीने पाठवलेल्या यादीत नॉर्डकापचा कडा, पक्ष्यांच्या बेटांभोवती नौकाविहार, खेकडे पकडण्याची सहल आणि गावातील पायी फेरी असे पर्याय आहेत. यातले कोणते निवडावेत, सर्वांनी एकत्र राहावे की गट करावेत, आणि सहल जहाजाकडूनच घ्यावी की स्वतः ठरवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आयुष्यात एकदाच होणारा हा प्रवास असल्यामुळे त्या आठ तासांत कोणाची दमछाक होऊ नये आणि कोणाची निराशाही होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

वाईचा_ओस्लोत

काका, नमस्कार. मी मूळचा वाईचा असून गेली काही वर्षे ओस्लोत राहतो आणि त्या बेटावर दोनदा जाऊन आलो आहे. आधी भूगोल सांगतो, कारण तो डोळ्यांसमोर असला की अर्धे नियोजन आपोआप होते.

होनिंग्सव्होग हे मागेरोया नावाच्या बेटाच्या दक्षिण बाजूला वसलेले, सुमारे अडीच हजार वस्तीचे मासेमारी गाव आहे. १९९६ पासून त्याला शहराचा दर्जा आहे, तरी आकाराने ते आपल्या मेढा गावाएवढेच वाटेल. बेटावर झाडे जवळजवळ नाहीतच. खडक, शेवाळ, खुरटे गवत आणि तळी एवढेच दिसते. बेटाच्या उत्तर टोकाजवळ नॉर्डकापचा ३०७ मीटर उंचीचा कडा थेट समुद्रात उतरतो. अजिंक्यताऱ्याचा चढ शहरातून पाहताना जेवढा वाटतो, साधारण तेवढी उंची, फक्त पायथ्याशी पोवई नाक्याऐवजी बॅरेंट्स समुद्र आहे, अशी कल्पना करा. गावापासून कडा सुमारे ३४ किलोमीटरवर असून वळणावळणाच्या रस्त्याने बसला पाऊण तास लागतो.

म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, आणि कड्यावर दीड ते दोन तास. जहाज बाराला लागले तरी दोरखंड बांधून, तपासणी होऊन लोक खाली उतरेपर्यंत साडेबारा होतात, आणि सहलीची बस भरून निघेपर्यंत आणखी तासभर जातो. त्यामुळे नॉर्डकापची सहल संपवून आपण साडेचार ते पाचच्या दरम्यान गावात परत येता. उरलेले दोन तास गावासाठी पुरेसे आहेत, परंतु दुसऱ्या मोठ्या सहलीसाठी अजिबात पुरेसे नाहीत. नॉर्डकाप आणि पक्ष्यांची बेटे ही दोन्ही ठिकाणे आठ तासांत बसवण्याचा मोह होतो. तो आधीच बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट. ‘युरोप खंडाचे उत्तर टोक’ अशी नॉर्डकापची ख्याती आहे, पण त्याच बेटावरचे क्निव्हशेलोडन नावाचे सखल टोक त्याच्याही उत्तरेला सुमारे दीड किलोमीटर पुढे जाते, आणि मुख्य भूमीचे खरे उत्तर टोक तर पूर्वेकडे शिनारोडन येथे आहे. क्निव्हशेलोडनला पायीच जावे लागते. जाऊन-येऊन १८ किलोमीटरची ती चाल सहा ते आठ तास घेते. आपल्या गटातील कोणी तरुण त्याचा हट्ट धरील, तर त्याला आधीच नकार द्यावा, कारण ती चाल संपेपर्यंत जहाज निघून गेलेले असेल.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

फारच उपयुक्त माहिती. माझा पुतण्या नकाशा पाहून त्या क्निव्हशेलोडनचाच हट्ट धरून बसला होता. त्याला आपला प्रतिसाद वाचायला दिला आहे.

हरिपूर_रोड (सांगली)

माझे मत थोडे वेगळे आहे. अकरा माणसे म्हणजे एक मिनीबस सहज भरते. जहाजाच्या सहलीत माणशी पैसे आकारले जातात. शिवाय चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये आजींना उतरायला वेळ लागला की त्यांनाच अवघडल्यासारखे होते. स्वतःची गाडी ठरवली तर वाटेत थांबता येते, रेनडियर दिसले की पाहता येतात आणि कोणाच्या वेळापत्रकाला बांधील राहावे लागत नाही. आम्ही नॉर्वेच्या दक्षिणेकडील फ्योर्डांत (डोंगरांत शिरलेल्या खाड्यांत) असेच केले होते आणि खर्चही कमी आला होता. अकरा जणांच्या कुटुंबाने परक्यांच्या गर्दीत का जावे, हे मला समजत नाही.

वाईचा_ओस्लोत

हरिपूर रोड यांचे म्हणणे दक्षिण नॉर्वेसाठी रास्त आहे, पण मागेरोयाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. या बेटावर बस, टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या मोजक्याच आहेत, आणि ज्या दिवशी जहाज लागते त्या दिवशी त्या बहुतेक आधीच ठरलेल्या असतात. एकाच दिवशी दोन जहाजे लागली, तर हजारो माणसे एकाच ३४ किलोमीटरच्या रस्त्यावर निघतात. तेव्हा मिनीबस हवीच असेल, तर धक्क्यावर उतरून शोधू असे म्हणून चालणार नाही. काही महिने आधी लेखी होकार घ्यावा आणि त्यात जहाजाचे नाव, लागण्याची वेळ आणि ‘जहाज बंदरात आलेच नाही तर पैसे परत’ ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. वारा जोराचा असला की कप्तान बंदर रद्द करतो, आणि उत्तरेकडे असे होतच असते. जहाजाची सहल असेल तर तिचे पैसे परत मिळतात. खासगी सहलीचे मिळतील की नाही, हे त्या लिहून घेतलेल्या अटीवर अवलंबून असते.

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल, तर निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. वाहतूक उजव्या बाजूने असते आणि रेनडियर रस्त्यावर निवांत उभे असतात, हेही लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठ (सांगली)

वरची चर्चा वाचून मला आमचा प्रसंग लिहावासा वाटला, कारण त्यातली चूक कोणाचीही होऊ शकते.

मी आणि माझे यजमान ब्रिटनहून निघालेल्या जहाजाने आइसलँडच्या वायव्य भागातील इसाफ्योर्दुर या लहानशा बंदरात गेलो होतो. तेही असेच, दोन-तीन हजार वस्तीचे गाव, तीन बाजूंनी उभे डोंगर आणि मध्ये वाळूच्या दांड्यावर वसलेली घरे. तिथून डिन्यांदी नावाचा धबधबा पाहायला आम्ही नेटवरून एका छोट्या गाडीची सहल ठरवली होती. सुमारे शंभर मीटर उंचीवरून तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, वर तीस मीटर रुंद असतो आणि खाली येईपर्यंत साठ मीटर पसरतो, त्यामुळे लांबून तो नववधूच्या घुंगटासारखा दिसतो. ठोसेघर पावसाळ्यात पाहिलेल्या आम्हा दोघांनाही तिथून पाय निघेना. पूर्वी त्या वाटेवर एक अवघड घाट होता. २०२० मध्ये डोंगरातून साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा झाल्यापासून रस्ता सोपा झाला आहे.

आम्ही मोबाइलवरचे घड्याळ पाहत निवांत होतो. आइसलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत आणि ब्रिटनमध्ये करतात. आमच्या जहाजाने ब्रिटनचीच वेळ कायम ठेवली होती. मोबाइलने मात्र जमिनीवर उतरताच आपोआप आइसलँडची वेळ घेतली. म्हणजे आमच्या हातातले घड्याळ जहाजाच्या एक तास मागे होते. आमच्याकडे दीड तास शिल्लक आहे असे समजून आम्ही गावातल्या अठराव्या शतकातील जुन्या लाकडी घरांकडे चालत निघालो. वाटेत आमच्याच जहाजावरच्या एका वृद्ध बाईंनी आम्हाला हटकले आणि ‘तुम्ही अजून इथे कसे?’ असे विचारले. त्यानंतर आम्ही जे धावलो, ते आठवले की अजूनही छातीत धडधडते. शिडी काढण्याच्या काही मिनिटे आधी आम्ही वर पोहोचलो. माझ्या यजमानांना उच्च रक्तदाब आहे आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे की अकराही जणांनी हातावर साधे मनगटी घड्याळ बांधावे, ते जहाजावरच्या घड्याळाशी जुळवावे आणि जमिनीवर उतरल्यावर मोबाइलची वेळ पाहूच नये. नॉर्वे आणि हॅम्बुर्ग यांची वेळ एकच असल्याने तुम्हाला आमच्यासारखी अडचण येण्याची शक्यता कमी आहे. तरीही शेवटी जहाजाचीच वेळ खरी धरायची असते.

हरिपूर_रोड (सांगली)

ताई, हा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. समजा जहाज चुकलेच, तर पुढे काय होते?

कृष्णाकाठ (सांगली)

आम्हाला जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी नंतर समजावून सांगितले. सहल जहाजाची असेल आणि बस उशिरा आली, तर जहाज थांबते, किंवा थांबणे शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था ते करतात. सहल स्वतः ठरवलेली असेल तर जहाज निघून जाते. अशा वेळी बहुतेक जहाजांवर खोलीतील तिजोरीतून पारपत्र काढून बंदरातील प्रतिनिधीकडे ठेवण्याची पद्धत आहे, परंतु पुढच्या बंदरापर्यंतचा विमानाचा, राहण्याचा आणि मनस्तापाचा सगळा खर्च आपलाच असतो. म्हणून बंदर जितके लहान आणि दूर, तितके जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे रास्त आहेत, असे आमचे मत झाले आहे. मोठ्या शहरात आम्ही अजूनही स्वतःच फिरतो.

हरिपूर_रोड (सांगली)

ज्या बंदरातून त्याच संध्याकाळी दुसरे वाहन मिळण्याची खात्री नाही, तिथे माझा मिनीबसचा सल्ला मी मागे घेतो. निदान आजी आणि मुलगा ज्या गटात आहेत, तो गट तरी जहाजाच्याच बसने जावा.

गुडघे_आणि_घाट (सातारा)

मी व्यवसायाने भौतिकोपचार तज्ज्ञ आहे, म्हणून आजींबद्दल लिहिते. जुलैतही त्या बेटावर दुपारचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते आणि कड्यावर वारा सतत असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला थंडीपेक्षा वाऱ्यात तोल सांभाळताना अधिक त्रास होतो. आपण सर्वच जण थंडी म्हटले की लोकरीचा स्वेटर काढतो, पण वारा स्वेटरमधून आरपार जातो. आतून अंगाला चिकटणारा उबदार थर, मध्ये लोकरीचे आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट, असे तीन थर हवेत. साडी नेसायचीच असेल तर आत उबदार पायजमा आणि पायात खोलगट नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. चप्पल नको.

काका, कड्यावर ‘नॉर्डकाप हॉल’ नावाची मोठी इमारत आहे. तिथे उबेत बसून काचेतून समुद्र पाहता येतो, ऋतूंवरचा एक चित्रपट दाखवतात आणि प्रदर्शनही आहे. आजींसाठी कड्याच्या टोकाशी असलेल्या लोखंडी पृथ्वीगोलापर्यंत दहा मिनिटे आणि उरलेला वेळ आत, असे ठरवावे. घडीची चाकाची खुर्ची सोबत न्यावी. त्या वापरणार नाहीत असे म्हणाल्या तरीही न्यावी. खुर्ची बसमध्ये चढवता येईल का, हे जहाजाच्या सहल कार्यालयात पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

वाईचा_ओस्लोत

त्या इमारतीबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना आवडेल, म्हणून लिहितो. सयामचा राजा चुलालाँगकॉर्न १९०७ मध्ये नॉर्डकापला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून हॉलच्या भुयारी भागात एक छोटे थाई दालन केले आहे. उष्ण प्रदेशातल्या त्या राजाला तिथवर यावेसे वाटले, हे दालनात उभे राहिल्यावर मला फार जवळचे वाटले. त्याआधी १८७३ मध्ये स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर येऊन गेला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लंडनहून पर्यटकांची पहिली सहल आली. त्या काळी रस्ता नव्हता. बोटीतून खाली उतरून लोक कडा चढून वर जात. आपण ज्याला ‘जहाजावरून उतरून फिरणे’ म्हणतो, त्याला त्या जागी सुमारे दीडशे वर्षांची परंपरा आहे. रस्त्याने मुख्य भूमीवरून येणाऱ्यांसाठी समुद्राखालचा बोगदा १९९९ मध्ये झाला. तो जवळपास सात किलोमीटर लांब असून समुद्रसपाटीखाली २१२ मीटरपर्यंत जातो.

कड्यावर धुके असू शकते, याची मनाची तयारी ठेवा. ऑगस्टात कासला जाऊन पुढची पाच पावलेही दिसली नाहीत, असे आपल्यापैकी किती जणांचे झाले असेल! तिथेही तसेच होते. तफावत एवढीच की कासला पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते.

मायणीचे_पाहुणे (सातारा)

कोणीतरी पक्ष्यांच्या बेटांबद्दल लिहील म्हणून वाट पाहत होतो, शेवटी मीच लिहितो. मागेरोयाच्या पश्चिमेला येस्वेर नावाचे कोळीवाड्यासारखे छोटे गाव आहे. तिथून नौका येस्वेरस्तापन नावाच्या बेटांभोवती नेतात. समुद्रातून सुळक्यांसारखी वर आलेली ही बेटे राखीव क्षेत्र आहेत आणि तिथे उतरू देत नाहीत, सगळे नौकेतूनच पाहायचे. पफिन हा तिथला मुख्य पक्षी. काळी पाठ, पांढरे पोट आणि विणीच्या हंगामात रंगीत पट्ट्यांची चोच असलेला हा पक्षी उरलेले सारे वर्ष खुल्या समुद्रावर काढतो आणि फक्त वीण घालायला एप्रिलच्या मध्यावर जमिनीवर येतो. ऑगस्ट उजाडला की तो परत निघतो. तुमचा जुलै महिना म्हणजे पिल्लांना मासे भरवण्याचा काळ, आणि याहून चांगली वेळ नाही. शिवाय पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुडही दिसतात. ते या वसाहतीवर शिकार करायला येतात आणि आले की हजारो पक्षी एकदम उठतात.

मी मायणीच्या तलावाकाठी लहानपणी रोहित पक्ष्यांची वाट पाहत उभा राहिलेला माणूस आहे. मला विचाराल तर मी कडा सोडून नौकाच निवडीन. कडा दरवर्षी त्याच जागी असतो. समुद्री पक्ष्यांची संख्या मात्र उत्तर अटलांटिकमध्ये अनेक ठिकाणी घटत चालली आहे, आणि नातवाला हे दृश्य पाहण्याची संधी पुन्हा मिळेल याची मला खात्री वाटत नाही.

नौकाविहार दीड-दोन तासांचा असतो आणि येण्याजाण्याचा रस्ता धरून साडेतीन तास लागतात. समुद्र खवळलेला असेल तर उलट्यांचा त्रास होतो. गोळी निघण्याआधी घ्यावी लागते, त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आजींनी ही सहल करू नये.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

आता घरात दोन पक्ष पडले आहेत. नातू आणि पुतण्या पक्ष्यांच्या बाजूने आहेत, तर सौ. आणि सांगलीच्या मंडळींना कड्यावर उभे राहून फोटो काढायचा आहे. मध्यरात्रीचा सूर्य मात्र सर्वांनाच पाहायचा आहे. आम्ही रात्री आठलाच निघणार, म्हणजे तो हुकणार का?

वाईचा_ओस्लोत

काका, उलट तुम्हाला तो चांगला दिसण्याची शक्यता आहे. नॉर्डकापला १४ मेच्या सुमारापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. त्या रेखांशावर सूर्य सर्वांत खाली, म्हणजे ठीक उत्तरेला, रात्री बारा वाजता नव्हे तर बाराच्या नंतर सुमारे वीस मिनिटांनी येतो. कारण घड्याळ उन्हाळ्यासाठी पुढे केलेले असते आणि ते ठिकाण त्या वेळेच्या रेखांशाच्या थोडे पश्चिमेला आहे. आठला सुटलेले जहाज उत्तरेकडे निघाले, तर साडेबाराच्या सुमाराला तुम्ही वरच्या डेकवर उभे असाल आणि समोर आकाश मोकळे असेल. कड्यावर त्या वेळी असणारी गर्दीही नाही.

पण यावरून एक प्रश्न विचारतो. होनिंग्सव्होगनंतर जहाज कुठे जाणार आहे?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

दोन दिवसांनी लाँगइयरबिएन, म्हणजे स्वालबार्ड बेटांवरचे गाव. नंतर ट्रोम्सो आणि परत हॅम्बुर्ग.

वाईचा_ओस्लोत

मग कृपया आजच व्हिसाचा अर्ज पाहा. स्वालबार्ड नॉर्वेचा असला तरी शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राच्या बाहेर आहे. तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात असे धरले जाते, आणि ट्रोम्सोला तुमचा पुन्हा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथे संपलेला असेल. तुम्हाला किमान दोन वेळा प्रवेशाचा, शक्यतो अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागेल. ही चूक भारतीय प्रवाशांकडून वारंवार होते, कारण नकाशावर सगळे नॉर्वेच दिसते.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

आपले उपकार कसे मानावेत, हे कळत नाही. इथल्या ज्या मध्यस्थाकडे आम्ही अकरा जणांचे अर्ज दिले होते, त्याने सर्वांचे अर्ज एकाच प्रवेशासाठी भरले होते. सुदैवाने अर्ज अजून सादर झालेले नव्हते. आज सकाळी मी स्वतः जाऊन सर्व अर्ज दुरुस्त करून घेतले, प्रवासाच्या मार्गाची प्रत जोडली आणि लाँगइयरबिएनच्या ओळीखाली रेघ मारून दिली.

कास_पठाराजवळ (सातारा)

मी कासच्या वाटेवर घरगुती निवास चालवतो. परदेशात कधी गेलेलो नाही, पण दुसऱ्या बाजूने, म्हणजे ज्यांच्या गावात पाहुणे येतात त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

फुलांच्या हंगामात आमच्याकडे रस्ता भरून जातो. पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यानंतर रोजच्या प्रवेशाची संख्या ठरवून द्यावी लागली. आमचा अनुभव असा आहे की पाहुण्यांची संख्या जास्त असण्यापेक्षा ते सगळे एकाच वेळी, एकाच जागी येतात आणि गावात एक कप चहाही न पिता निघून जातात, हे जास्त लागते. अडीच हजारांच्या गावात एका जहाजातून त्याहून जास्त माणसे उतरत असतील, तर तिथल्या लोकांचेही तसेच होत असेल. म्हणून तुमचे जे दोन तास गावासाठी उरतात, ते जहाजावर लवकर परतून चहा पिण्यात घालवू नका. गावातल्या हॉटेलात बसा, तिथेच काही विकत घ्या आणि लोकांशी बोला. तिथे शेवाळावर आणि खुरट्या गवतावर पायवाट सोडून चालू नका. थंडीमुळे तिथली झाडझुडूप वाढायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे लागत असतील.

वाईचा_ओस्लोत

दादांचे अगदी बरोबर आहे. उन्हाळ्यात सामी लोक (उत्तरेकडचे मूळ रहिवासी) काही हजार रेनडियर त्या बेटावर चरायला आणतात आणि ते शेवाळ व गवत हेच त्यांचे अन्न असते. रेनडियर दिसले की जागीच उभे राहावे, जवळ जाऊ नये, विशेषतः सोबत पिल्लू असेल तर. पठारावर दगडांवर दगड रचून मनोरे करण्याची खोड पर्यटकांना लागली आहे. नातवाला त्यापासून दूर ठेवा.

गावात पाहण्यासारखे सांगतो. पहिले म्हणजे १८८५ चे पांढरे लाकडी चर्च. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क या नॉर्वेच्या उत्तरेकडील प्रांतातली गावेच्या गावे जाळली, तेव्हा होनिंग्सव्होगमध्ये ही एकच इमारत उभी राहिली. परत आलेले लोक नवी घरे होईपर्यंत याच चर्चमध्ये राहिले. बाहेरून ते साधे दिसते, पण हे ठाऊक असल्यावर आत शिरताना पाऊल हळू पडते. कोयनेच्या पाण्यात आपली गावे गेलेली पाहिलेल्यांना ते अधिक समजेल, असे मला वाटते.

दुसरे, नातवासाठी. बंदराजवळ बाम्से नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात तो नॉर्वेच्या नौदलाच्या जहाजावर होता आणि खलाशांचा लाडका होता. १९४४ मध्ये तो स्कॉटलंडमधील मॉन्ट्रोज येथे वारला. तिथेही त्याचा पुतळा आहे. होनिंग्सव्होग हे त्याचे मूळ गाव.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सर्वांच्या सल्ल्यानंतर आम्ही काल रात्री मेव्हण्यांच्या सांगलीच्या घरी बसून ठरवले, ते लिहितो. सासूबाई, सौ., मी आणि सांगलीचे चौघे असे सात जण जहाजाच्या बसने नॉर्डकापला जाऊ. नातू, त्याचे आई-वडील आणि पुतण्या असे चौघे जहाजाच्याच सहलीने येस्वेरला जातील. दोन्ही गट पाचच्या सुमाराला चर्चपाशी भेटतील. तिथून बाम्सेचा पुतळा, मग एखाद्या हॉटेलात कॉफी, आणि सासूबाई दमल्या असतील तर मी त्यांना थेट जहाजावर नेईन. साडेसातऐवजी आम्ही आमच्यापुरती सातची वेळ ठरवली आहे. लष्करासारखे नियम करू नका असे सौ. म्हणाल्या, पण कृष्णाकाठ ताईंचा प्रसंग वाचून दाखवल्यावर त्यांनीच सर्वांसाठी घड्याळे काढून ठेवली आहेत. खेकड्यांच्या सहलीचा विषय आम्ही शाकाहारी असल्याने निकालात निघाला.

एकच शंका उरली आहे. सासूबाई बाहेरचे खात नाहीत. त्यांच्यासाठी बरोबर काय नेता येईल? त्या साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग घेऊन जायचे म्हणत आहेत.

वाईचा_ओस्लोत

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातून आणायला मनाई आहे आणि नॉर्वेतही तोच नियम आहे. त्यामुळे पेढे हॅम्बुर्गच्या विमानतळावरच काढून घेतले जातील. भडंग, दशम्या, तेलावरच्या कोरड्या चटण्या आणि राजगिऱ्याचे लाडू चालतील. दशम्या मात्र दुधात न भिजवता पाण्यात भिजवून करायला सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

भडंग हवाबंद डब्यात न्या. पिशवीतले आमचे तिसऱ्याच दिवशी समुद्राच्या हवेने मऊ पडले होते.